मधला दोर

चौतीस वर्षं उडी मी मारली.
दोर हातात, चपला ओल्या,
आणि मागून क्रशेवानचा आवाज:
आता! आता नाही! अगं, आता!
बंदरातल्या पोरांना वाटायचं
माझं नाव दिन्का नाही, 'आता' आहे.

यंदा ऑलिव्हच्या झाडाखाली शिडी सरकली.
उजवा खांदा गेला, हात झोळीत.
बोट मात्र आणायचीच होती घरी,
पलीकडच्या गोदीतून, तळाला रंग लावून झालेली.
म्हटलं, सुकाणू मी धरते.
अट एकच: धक्का दिसला की तू गप्प.

दुपारी वेलेबिटच्या डोंगराने ढगाची टोपी घातली.
आम्हा पागच्या माणसांना तेवढं पुरतं.
बुरा येते ती उतारावरून घसरत,
समुद्र खरवडून मीठ उडवते माळावर.
मेंढ्या तेच गवत खातात,
चीज खारट होतं, आणि शहरातली माणसं
त्याचे दुप्पट पैसे देतात.

शिडं उतरवून बांधली, फेंडर सोडले.
वारा धक्क्यावरून आमच्या अंगावर, आडवा,
दारात हात पसरून उभ्या राहिलेल्या
सासूसारखा: आज नको, उद्या या.
शहाणे सांगतात, वारा येईल तशी पाठ द्यावी.
इथे पाठ दिली
की आपण शेजाऱ्याच्या बोटीवर.

पहिल्या खेपेला घाबरले, म्हणून हळू गेले.
हळू म्हणजे जपून, हे स्वयंपाकघरात.
पाण्यावर वेग गेला की सुकाणूही जातं,
हातात उरतो नुसता दांडा, सूप ढवळायचा.
नाळ वाऱ्याने बाजूला पाडली.
डाव्या अंगाला कुणाची तरी पांढरी बोट
मोठी मोठी होत गेली.
क्रशेवानने पाय कठड्याबाहेर काढला, रेटायला.

पाय आत घे.
बोट जोडता येते.

त्याने घेतला.

मग मी ते केलं जे त्याने कधीच केलं नाही.
मागे फिरले.
अख्खं बंदर कॉफी पीत बसलं होतं,
त्यांच्या माना आमच्यासोबत फिरल्या,
आणि मी मोकळ्या पाण्यात एक मोठा, सावकाश फेरा घेतला,
जणू तेवढ्यासाठीच आले होते.

दुसऱ्या खेपेला नाळ वाऱ्याच्या तोंडात खुपसली,
खुंट्याच्याही वर नेम धरून,
वारा खाली लोटणारच, हे हिशेबात धरून,
आणि वेग इतका की पोटात गोळा यावा.
म्हातारा बेपो गळ टाकून उठला:
पुढचा दोर फेक, मी ओढतो!
ओढू नकोस, बेपो! कशालाच हात लावू नकोस!
तोंड ओढलं की शेपूट सुटतं.
भला माणूस. असल्या भल्या माणसांनीच
या धक्क्यावर निम्म्या बोटींचे पोपडे काढलेत.

मधला दोर क्रशेवानच्या डाव्या हातात.
सकाळी गोदीत मीच मोजून बांधला होता,
लेसच्या धाग्याइतका नेमका.
जन्मात पहिल्यांदा दोर त्याच्याकडे
आणि 'आता' माझ्या तोंडात.
गिळला मी तो शब्द. कडू लागला,
इतकी वर्षं त्याला कसा गोड लागायचा कोण जाणे.

त्याने फास टाकला. चुकला.
ओला दोर दातात धरून गोळा केला,
माझ्याकडे न बघता
पुन्हा टाकला.
खुंट्यावर बसला.

इंजिन पुढे, जेमतेम. दांडा धक्क्याकडे.
दोर ताठला, पिळून त्यातलं पाणी निघालं,
आणि बोट कुशीवर वळावी तशी
सगळीच्या सगळी दगडाला येऊन टेकली.
वारा लोटत राहिला. दोर धरून राहिला.

आता पुढचा बांधायचा, मागचा बांधायचा,
इंजिन बंद करायचं.
क्रशेवान मिठाने पांढऱ्या मिशीतून म्हणाला,
मी असतो तर...
आणि थांबला, अट आठवून.

बोल, म्हटलं. लागलाय धक्का.
तो काही बोलला नाही.
दोरावर हात ठेवून बसला होता,
ताण मोजत,
इंजिन तसंच चालू.